घडणावळ

सोनाराने कान टोचावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी या म्हणीचा उपयोग फक्त मला गप्प करण्यासाठी होतो. मी चार वेळा सांगितलेली गोष्ट शेजारच्या वकिलांनी एकदा सांगितली की सौभाग्यवतींना ती तत्काळ पटते आणि वर, "शेवटी सोनारानंच कान टोचावे लागतात हो!" हा शेरा मिळतो. यात कान कोणाचा आणि सोनार कोण हे समजते. मी कोण, याचा खुलासा म्हणीत नाही.

दुसऱ्या एका जुन्या म्हणीत मात्र माझी सोय केलेली आहे. ती म्हण सोनार, शिंपी आणि कुलकर्णी या तिघांना एका माळेत ओवते आणि यांची संगत नको रे बाबा, असे बजावते. कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेब लिहिणारा. आजच्या भाषेत कारकून. म्हणजे लोकांच्या संशयाच्या बाकावर सोनार आणि मी पूर्वापार शेजारी बसत आलो आहोत. सोनारकामाचा इतिहास लिहायला एवढे नाते मला पुरेसे वाटते. बाकी माझी पात्रता म्हणाल तर मी बी.कॉम. आहे. इतिहास हा विषय मॅट्रिकलाच सुटला. मी त्याला सोडले की त्याने मला, हे गुणपत्रिकेवरून नीटसे सांगता येत नाही.

कॉमर्सवाल्याला इतिहास वाचताना दोनच प्रश्न पडतात. आले किती आणि गेले कुठे? सोन्याच्या बाबतीत इतिहासकार पहिल्या प्रश्नाचे उत्तर भरभरून देतात. अमुक स्वारीत इतकी लूट आली, तमुक तहात इतकी खंडणी ठरली. पण पुढे त्या सोन्याचे काय झाले? कोणीतरी बागेसरीपुढे बसून, फुंकणीने गाल फुगवून, त्याच्या पाटल्या, तोडे आणि नथी केल्याच असतील ना? त्या माणसाला रकाना नाही. इतिहासाच्या खतावणीत सोने जमा आहे, दागिना खर्ची आहे, मधला हात गायब आहे. आमच्या हेडऑफिसने असा ताळेबंद कधी मंजूर केला नसता.

खरे म्हणजे हा सोनार आमच्या बँकिंगचा मूळपुरुष. जुन्या गावगाड्यात त्याच्याकडे दागिन्यांखेरीज आणखी एक काम असे, ते पोतदारीचे. सरकारी वसुलात जमा झालेली नाणी खरी की खोटी, हे पोतदाराने पारखायचे. त्या काळी हे काम सोपे नव्हते. रुपया म्हटला तरी तो चांदवडी आहे, अंकुशी आहे की हैदराबादचा हाली सिक्का आहे, हे बघावे लागे. टाकसाळी अनेक, चांदीचा कस निराळा, त्यात नाणे झिजलेले किंवा काठाला कातरलेले. मग त्यावर बट्टा कापला जाई. आज आपण 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो हाच बट्टा. आमचे कॅशियर पाचशेची नोट दिव्याखाली धरून ज्या नजरेने आधी नोटेकडे आणि मग गिऱ्हाइकाकडे बघतात, ती नजर वंशपरंपरेने पोतदाराकडून आलेली आहे. गिऱ्हाइकाकडे बघण्याचा भाग मात्र बँकेचा स्वतःचा असावा.

वजनांचा हिशेबही त्याच्याच पेढीवरचा. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज हे त्याचे माप. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. म्हणजे तोळ्यामागे दीड ग्रॅमहून जास्त सोने भाषेतल्या भाषेत वितळून गेले आणि कोणी तक्रारही केली नाही. घट म्हणजे काय, हे आपण सोनाराच्या दुकानातच शिकलेलो असतो ना!

आता दागिन्यांची नावे बघा. राजेरजवाड्यांच्या खजिन्यातली म्हणून जी नावे आपण ऐकतो ती शेतातून आणि स्वयंपाकघरातून उचललेली आहेत. जोंधळ्यासारख्या मण्यांची जोंधळी पोत, बोरांएवढ्या मण्यांची बोरमाळ, पोह्यांसारख्या चपट्या पदकांचा पोहेहार, शिवाय बकुळीहार आणि चाफेकळी. वाण्याची यादी चुकून सोनाराकडे गेली असावी आणि त्याने ती जशीच्या तशी घडवून दिली असावी. कोल्हापुरी साजाचा हिशेब मला विशेष आवडतो. त्यात २१ पाने सांगतात. दशावतारांची १०, अष्टमंगलांची ८, माणिक आणि पाचू मिळून २ आणि डोरल्याचे १. बेरीज करून बघा, जुळते. माझ्या नोकरीत पहिल्या फटक्यात जुळलेली हीच एक बेरीज.

या साजातले किंवा बोरमाळेतले मणी बहुधा भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा काशाच्या ठोकळ्यातल्या खळग्यात ठोकून त्याच्या अर्ध्या वाट्या करायच्या, दोन वाट्या झाळून मणी करायचा आणि मणी चेपू नये म्हणून आत लाख भरायची. थोड्या सोन्यात भरघोस दिसणारा दागिना करण्याची ही मराठी युक्ती आहे. बाहेरून सोने, आतून लाख. मध्यमवर्गीय संसाराची याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही.

आणि हे काम एकट्या सोनाराचे नव्हे. तो घडवणार. खडे बसवायला जडाव करणारा वेगळा. सगळे झाल्यावर रेशमात ओवून गोंडा बांधून देणारा पटवेकर वेगळा. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही. तो विकत घेऊन, धुऊन त्यातला सोन्याचा कण वेचणारा झारेकरीही वेगळा. केर विकत जाणारा धंदा जगात हा एकच. आमच्या शाखेतला केर कोणी फुकट नेत नाही, आणि त्यात तर कित्येकदा महत्त्वाची कागदपत्रे असतात.

पटवेकराची थोरवी मला बदलीमुळे कळली. बँकेने एकदा मला सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाठवले. गावात ओळखीचे कुत्रे नाही. पहिल्याच आठवड्यात सौभाग्यवतींच्या ठुशीचा गोंडा तुटला. सोनारगल्लीत एका पायरीवर पोत्याच्या तुकड्यावर पटवेकर बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो भराभर ओवत होता आणि सभोवार सात-आठ बायका आपापली पाळी येईपर्यंत बसल्या होत्या. एकीने ठुशी हातात घेऊन बघितली.

"कोल्हापूरची दिसतीय. माहेर तिकडं का?"

"आजेसासूबाईंची आहे."

"तरीच! आताचे मणी असे एकसारखे बसत न्हाईत. सरका ओ जरा, वहिनींना बसू द्या."

त्या एका 'सरका'वर आमचा त्या गावातला संसार उभा राहिला. अर्ध्या तासात दूधवाला, मोलकरीण, मुलांचा डॉक्टर आणि शुक्रवारच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण एवढ्या गोष्टी गोंड्याबरोबर घरी आल्या. मला शाखेत स्वतःची खुर्ची मिळायला तीन महिने लागले. तोवर मी रजेवर असलेल्यांच्या खुर्च्यांवर पाळीपाळीने नोकरी केली.

दागिन्याच्या पायी परक्याला आत घेण्याची ही रीत बरीच जुनी आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार हे नामदेवांच्या काळातले संत. त्यांची कथा अशी सांगतात की, ते पक्के शिवभक्त होते. पंढरपुरात राहूनही विठोबाचे तोंड बघायचे नाही, असा त्यांचा नेम होता. पुढे एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठोबाला सोन्याची कमरसाखळी करायचे ठरवले आणि काम यांच्याकडे आले. देवळात जायचे नाही, म्हणून माप दुसऱ्याकडून मागवले. साखळी सैल झाली. कमी केली, तर आखूड झाली. गिऱ्हाइकाची तक्रार आणि कारागिराचा वैताग यांची एवढी जुनी नोंद दुसरी नसेल. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. हाताला लागले व्याघ्रांबर आणि नाग. पट्टी सोडली तर समोर विठोबा! पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. तेव्हा त्यांना उमगायचे ते उमगले आणि ते वारकऱ्यांत आले.

भाविक या कथेत हरिहरांचे ऐक्य बघतात आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. डोळे जे मानायला तयार नव्हते ते हातांनी ओळखले. आणि वारकऱ्यांनी त्यांना आत घेताना हातोडी बाहेर ठेवून या, असे म्हटले नाही. आपल्या अभंगांत ते सोनारच राहिले. मूस आणि हातोडी तिथेही त्यांच्याबरोबर आहे.

सरकारचा आणि सोनाराचा संबंध आला तेव्हा मात्र असे घडले नाही.

१९६२ च्या हिवाळ्यात चीनशी युद्ध झाले. लोकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला दागिने दिले, बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. देशाला परकीय चलनाची चणचण होती. जगाच्या बाजारात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर, आणि आपल्याकडे त्याच सोन्याला जवळजवळ दुप्पट दाम. त्यामुळे चोरट्या वाटेने सोने येत होते आणि परकीय चलन जात होते. तेव्हा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. त्यातला मुख्य नियम असा की, यापुढे नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही. सोने कमी कसाचे झाले की लोकांचा सोस उतरेल, मागणी घटेल आणि चोरटी आयात थांबेल, असा हा हिशेब.

बी.कॉम. झालेल्या माणसाला हा हिशेब कागदावर बिनतोड वाटतो. म्हणूनच तो तपासून बघायला हवा. २४ पैकी २२ कॅरेट म्हणजे शेकडा ९१.६७, चक्क डिस्टिंक्शन. २४ पैकी १४ म्हणजे शेकडा ५८.३३, सेकंड क्लास! लग्नात मुलीच्या अंगावर सेकंड क्लास सोने घालायला कोणता बाप तयार होईल? जावई सेकंड क्लास चालतो, ही गोष्ट वेगळी. स्वानुभव आहे.

पण खरी गोम पुढेच होती. १४ कॅरेट सोन्यात बारापैकी पाच हिस्से दुसरी धातू असते. ते कठीण होते, पिवळेपणा सोडते. पिढ्यान्‌पिढ्यांची हातोडी, ठसे, झाळण्याचा अंदाज आणि ओढलेल्या तारेची बारकाई, सारे काही २२ कॅरेटच्या मऊ सोन्यावर बसलेले. ज्या हाताने पत्र्याची वाटी करावी तो हात कठीण पत्र्यावर अडू लागला. गिऱ्हाईक तर फिरकेनासेच झाले. देशभर लाखो सोनारांच्या बागेसऱ्या थंड झाल्या. सरकारने त्यांना कर्जे, दुसऱ्या धंद्याचे शिक्षण आणि मुलांना फीची सवलत देऊ केली. पण बारा वर्षांच्या वयापासून गुंजेच्या मापात विचार करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला दुसरा धंदा शिकवायचा म्हणजे काय शिकवायचे? काही सुवर्णकारांनी जीव दिला. इथे मला विनोद सुचत नाही आणि सुचू नये.

आमच्या आत्याचे लग्न नेमके १९६३ च्या मे महिन्यातले. तिच्या पाटल्यांना घरात 'मोरारजी पाटल्या' हेच नाव होते. माझा जन्म पुढे बऱ्याच वर्षांनी झाला, त्यामुळे मी लहानपणी मोरारजी हा पाटलीचा एक प्रकार समजत असे. मध्यंतरी आतेभाऊ त्या तारण ठेवायला आमच्या शाखेत घेऊन आला. बँकेने संगणक आणला, तिजोरीला गजराची घंटा बसवली, पण सोने तारण घेताना ती अजून एका काळ्या दगडावर विसंबते. आमच्याकडे दागिने पारखायला येणारे सोनारकाका पाटली कसोटीवर घासतात, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढतात, ॲसिडचा थेंब टाकतात आणि दोन्ही रेघांकडे बघत राहतात. त्यांनी ती फिकी रेघ बघितली आणि चष्म्यावरून विचारले, "लग्न त्रेसष्टचं काय हो?"

आतेभाऊ चाट पडला. आईच्या लग्नाची तारीख त्याला कधी लक्षात राहिलेली नाही.

"माझे वडील त्या साली दुकान बंद करून एका मिलच्या फाटकावर उभे राहिले," काका रेघ पुसत म्हणाले, "वॉचमन म्हणून. तीन वर्षं. पण संध्याकाळी मिणमिणत्या दिव्यात मला पितळेच्या पत्र्यावर हात बसवायला लावायचे. म्हणायचे, कायदा कागदावर असतो, तो फाटेल. हात गेला तर पुन्हा यायचा नाही."

कायदा फाटला, पण सावकाश. त्याच वर्षी पुढे जुने दागिने मोडून त्याच कसाचे नवे करून द्यायला परवानगी मिळाली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली. १९६८ मध्ये पुन्हा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तेव्हाही अर्थखाते मोरारजींकडेच होते. सोन्याच्या चिपा खाजगी माणसाने बाळगायच्या नाहीत. कारागिराने जवळ १०० ग्रॅमपेक्षा जास्त सोने ठेवायचे नाही. नोंदवह्या ठरल्या नमुन्याबरहुकूम भरायच्या. व्यक्तीपाशी दोन किलोंच्या वर दागिने असतील तर सरकारला कळवायचे. या शेवटच्या कलमाचा आमच्या घराण्याला कधीच उपद्रव झाला नाही. चोरटे सोने काही थांबले नाही. उलट, सोन्याच्या बिस्किटांवर हिंदी सिनेमाची दोन दशके पोसली गेली. त्रास झाला तो १०० ग्रॅमवाल्याला.

हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते. हे गृहस्थ मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर मऊ गादी आणली, आणि अर्थमंत्री असताना सोनाराची बैठक त्याची त्याला परत मिळाली. लोकांना नीट बसता आले पाहिजे, हे अर्थशास्त्र मला समजते.

पण मधली २७ वर्षे हा धंदा टिकला कसा? माझ्या मते तो 'सरका ओ जरा' या तत्त्वावर टिकला. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा दुष्काळी टापू बघा. तिथली माणसे गलाईच्या धंद्यात पडली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. आज देशातल्या कितीतरी शहरांच्या सराफबाजारात मुशीपुढे बसलेला माणूस विट्याकडचे मराठी बोलतो. आधी गेलेल्याने भावकीतल्या पोराला बोलवायचे, दुकानातच झोपायला जागा द्यायची, धंदा शिकवायचा आणि मग पुढच्या गावी त्याला त्याची भट्टी लावून द्यायची. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीचे काम असेच घराघरांत वाटलेले आहे. एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी कड्या करतात, तिसऱ्या घरी बायका त्या जोडतात, मग झाळकाम, मग उजळणे. आपल्या पायातले पैंजण पायात येण्याआधीच गावभर हिंडून आलेले असते. आणि मुंबईच्या झवेरी बाजारात बारीक कामाला बंगालचे कारागीर मोठ्या संख्येने बसलेले आहेत. त्यांनाही कोणीतरी आधी आलेल्याने चटईवर सरकून जागा दिली असणार. या लोकांनी कुठे जाहिरात दिली नाही की मुलाखत घेतली नाही. हात बघितला आणि आत घेतले.

आता दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने ही सक्ती आली, दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी खूण असते आणि गिऱ्हाइकाची फसवणूक टळते. ही चांगलीच गोष्ट आहे. गंमत एवढीच की त्या अधिकृत कसांच्या यादीत २२ आणि १८ च्या शेजारी १४ कॅरेट मानाने बसलेले आहे आणि नव्या मुली हिऱ्याच्या अंगठीसाठी ते हौसेने घेतात. जे कायद्याने झाले नाही ते फॅशनने केले. मोरारजी साठ वर्षे आधी आले. मात्र या खुणेवरून सोने किती शुद्ध आहे ते समजते. ते घडवले कोणी, यंत्राने की हाताने, हे समजायची सोय नाही.

रकाना नाही, तो इथेही नाही. दागिना घेताना आपण सोन्याचा भाव निमूटपणे मान्य करतो आणि घासाघीस कुठे करतो? घडणावळीत. म्हणजे आख्ख्या बिलातली जी रक्कम हातासाठी असते, तिच्यातच. दागिना मोडायला नेला की घडणावळ शून्य. आमच्या बँकेतही तेच. तारणाच्या फॉर्मात एकूण वजन लिहायचे, लाख आणि खडे वजा करायचे, कस लिहायचा, भाव लावायचा. शेवटी 'शेरा' म्हणून एक बोटभर जागा असते. तिथे सगळे जण आडवी रेघ मारतात.

गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंची मोहनमाळ तारणाला आली. काका ती बराच वेळ बोटांवर खेळवत बसले. मग वजन, कस, भाव सगळे रीतसर भरून त्यांनी शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिले, 'काम सुंदर.'

तपासनिसांच्या नजरेतून ते सुटले नाही. त्यांनी अहवालात मुद्दा काढला आहे : 'काम सुंदर म्हणजे किती रुपये? खुलासा करावा.'

फाईल माझ्या टेबलावर आहे.